ट्रेकहून परतल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप आला? डॉक्टरांना ट्रेकबद्दल सांगायला विसरू नका

२०१२ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं योसेमिटी नॅशनल पार्क पर्यटकांनी भरलेलं होतं. तिथल्या 'करी व्हिलेज' या तळावर मुक्कामासाठी ९१ खास तंबू होते. थंडी लागू नये म्हणून त्यांना दुहेरी भिंती होत्या आणि त्या दोन भिंतींच्या मधे ऊब टिकवणारा थर भरलेला होता. ही ऊब पर्यटकांना आवडायची, तशीच ती तिथल्या 'डियर माउस' या रानउंदरांनाही आवडली. भिंतींच्या पोकळीत त्यांनी घरटी केली. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

त्या मोसमात योसेमिटीला गेलेल्या १० जणांना हंताव्हायरसची लागण झाल्याचं निष्पन्न झालं. त्यातले ९ जण याच तंबूंमध्ये राहिले होते. एकूण तिघांचा मृत्यू झाला. ऑगस्टच्या अखेरीस तंबू बंद करण्यात आले. तिथे राहून गेलेल्या सुमारे १०,००० लोकांना, आणि नंतर पार्कमध्ये मुक्काम केलेल्या दोन लाखांहून अधिक लोकांना, सावध करणारे निरोप पाठवावे लागले.

हे निरोप पोहोचले तेव्हा बहुतेक जण आपापल्या घरी परतून कामाला लागले होते. हंताव्हायरसची लक्षणं दिसायला एक ते आठ आठवडे लागू शकतात. सुरुवात ताप, थकवा, मांड्या-कंबर-पाठ दुखणं अशी होते. म्हणजे साधा फ्लू वाटावा अशीच. काही दिवसांनी फुप्फुसात पाणी साठून श्वास लागतो आणि मग वेळ फार कमी उरतो. या आजाराच्या फुप्फुसांवर हल्ला करणाऱ्या प्रकारात दर दहा रुग्णांपैकी जवळपास चार दगावतात. नेमकं औषध नाही. २०२५ मध्ये हॉलिवूड अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा यांचा मृत्यू याच विषाणूमुळे झाला, तेव्हा हे नाव पुन्हा जगभर चर्चेत आलं होतं.

हा आजार होण्यासाठी उंदीर चावावा लागत नाही, दिसावाही लागत नाही. त्याची लघवी, लेंड्या, लाळ वाळून धुळीत मिसळते, आणि बंद जागेत झाडलोट करताना किंवा अंथरूण झटकताना ती धूळ श्वासावाटे आत जाते.

मग सह्याद्रीत हा धोका आहे का?

फुप्फुसांवर हल्ला करणारा हा हंताव्हायरस उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या रानउंदरांमध्ये सापडतो. राजगडावर किंवा पवना धरणाकाठी तंबूत झोपणाऱ्याने त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही. हंताव्हायरसच्या मोठ्या कुटुंबातला एक विषाणू भारतात १९६४ मध्येच, तमिळनाडूतल्या वेल्लोर इथे, सापडला होता. गंमत म्हणजे तो उंदरात नव्हे, चिचुंद्रीत मिळाला. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी शास्त्राच्या हिशेबाने ती उंदीर-घुशी-खारींच्या गटात मोडतच नाही.

पण योसेमिटीतल्या गोष्टीतले दोन धागे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होतात. पहिला, उंदराने मागे सोडलेल्या गोष्टींमधून आजार होतो. दुसरा, तो घरी पोहोचल्यावर, ट्रेकचे फोटो टाकून झाल्यावर, लाइक मोजून झाल्यावर उगवतो. आणि तोपर्यंत ट्रेकचा आणि तापाचा संबंध कुणाच्या डोक्यातही येत नाही. महाराष्ट्रातल्या ट्रेकरसाठी अशा आजारांत दोन नावं सगळ्यात महत्त्वाची आहेत: लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस. दोन्हींवर औषध आहे, स्वस्त आहे आणि लवकर दिलं तर उत्तम चालतं. अडचण ओळखण्याची आहे.

ओढ्यातून चालताना काय होतं?

लेप्टो हा शब्द मुंबईकरांना नवा नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तो घराघरात पोहोचला. त्यामुळे हा तुंबलेल्या गटाराचा, शहराचा आजार आहे असा समज पक्का झाला. प्रत्यक्षात कोकणातल्या भातशेतीत राबणाऱ्यांना तो कधीपासून होतो आहे.

लेप्टोस्पायरा हे स्प्रिंगसारखे पीळदार जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात. उंदीर आजारी पडत नाही, पण महिनोन्महिने लघवीतून जिवाणू बाहेर टाकत राहतो. गाई-म्हशी, कुत्रे, डुकरं यांच्याकडूनही ते येतात. ओलसर माती आणि गोडं पाणी मिळालं की हे जिवाणू कित्येक आठवडे तग धरतात. कोरडं पडलं, ऊन लागलं की मरतात. म्हणजे जुलै-ऑगस्टमधला सह्याद्री त्यांना अगदी मानवणारा.

माणसाच्या शरीरात शिरायला त्यांना एखादी खरचटलेली जागा पुरते. पावसाळी ट्रेकमध्ये अशा जागांची कमतरता नसते. कारवीने ओरबाडलेली पोटरी, बुटाने सोललेली टाच, जळवेने चावून सोडलेला घोटा. बराच वेळ पाण्यात राहून पांढरी पडलेली, सुरकुतलेली कातडीही चालते. डोळे, नाक, तोंड यांच्या आतल्या नाजूक त्वचेतूनही जिवाणू आत जातात. त्यामुळे धबधब्याखालच्या डोहात डुबकी मारून चार घोट पाणी पोटात गेलं, तर तोही एक मार्ग.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण बोर्निओ बेटाचं आहे. २००० साली मलेशियाच्या सबा राज्यात 'इको-चॅलेंज' ही साहसी शर्यत झाली. जंगलातून धावणं, गुहांमधून जाणं, नदीत पोहणं, कयाक चालवणं असा दहा-बारा दिवसांचा कार्यक्रम होता. ३०४ स्पर्धक होते, सगळे तंदुरुस्त. शर्यत संपवून ते जगभर आपापल्या देशांत परतले आणि वेगवेगळ्या ठिकाणी तापाने पडू लागले. तपास करणाऱ्यांनी १८९ जणांशी संपर्क साधला, तेव्हा त्यातल्या ८० जणांना लेप्टोच्या व्याख्येत बसणारा आजार होऊन गेल्याचं दिसलं. २९ जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. गुहा, चिखल, जळवा अशा सगळ्या संशयितांची छाननी झाल्यावर बोट ठेवलं गेलं ते सेगामा नदीत पोहण्यावर.

त्या नदीकाठी ना गटार होतं, ना झोपडपट्टी. पाणी 'नैसर्गिक' आहे, 'डोंगरातून येतंय' म्हणून ते निर्धोक आहे, हा ट्रेकिंग ग्रुपवर हमखास ऐकू येणारा युक्तिवाद तिथेच बाद होतो. देवकुंड असो, अंधारबन असो किंवा गावाबाहेरचा निनावी ओढा, वरच्या अंगाला गुरं चरतात आणि उंदीर-घुशी राहतात, हे गृहीत धरूनच पाण्यात उतरायला हवं.

लागण झाल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांत लक्षणं दिसतात; क्वचित दोनच दिवसांत, तर कधी महिनाभरानेही. एकदम चढणारा ताप, थंडी, डोकेदुखी, उलट्या. दोन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: पोटऱ्या दाबल्या तरी कळवळावं इतक्या दुखतात आणि डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत. पोटऱ्यांचं दुखणं तर ट्रेकर सहज 'गड चढलो ना, म्हणून' असं म्हणून सोडून देतो. ट्रेकचं अंगदुखीचं खातं दोन-तीन दिवसांत बंद होतं. आठवड्याने, तापासोबत सुरू झालेली पोटरीदुखी त्या खात्यात मांडू नये.

बहुतेकांचा लेप्टो सौम्य असतो. काहींमध्ये मात्र तो कावीळ, लघवी कमी होणं, मूत्रपिंड निकामी होणं, फुप्फुसात रक्तस्राव इथपर्यंत जातो, आणि हे कधीकधी दोन-तीन दिवसांत घडतं.

गवतात बसल्यावर काय होतं?

पाऊस ओसरतो, सोनकी फुलते, आणि गडांवर गवतात बसून फोटो काढणाऱ्यांची रांग लागते. स्क्रब टायफसचा मोसम साधारण हाच, पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि त्यानंतरचे काही आठवडे.

इथे उंदराची भूमिका वेगळी आहे. ओरिएंशिया त्सुत्सुगामुशी हा जिवाणू 'चिगर' नावाच्या अतिसूक्ष्म किड्यातून माणसात येतो. चिगर म्हणजे एका जातीच्या माइटचं पिल्लू. सहा पायांचं, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. डोळ्याला दिसणं जवळपास अशक्य. वाढीसाठी त्याला एकदाच एखाद्या प्राण्याच्या अंगावर जेवावं लागतं आणि ते जेवण बहुधा उंदीर असतो. जिथे झुडपं, गवत आणि उंदीर, तिथे चिगर. गवताच्या पात्यावर वाट पाहत असताना उंदराऐवजी ट्रेकरची पँट आली, तर तो तिच्यावर चढतो.

चिगर चावलेलं कळत नाही. तो अंगावर फिरत फिरत कपडे घट्ट बसतात अशा जागी थांबतो: कमरेचा पट्टा, जांघ, काख, स्तनांखालचा भाग, गुडघ्यामागची बाजू. काही दिवसांनी तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, भोवती लालसर कडं असतं. ती दुखत नाही, खाजतही नाही. म्हणूनच रुग्णाला तिचा पत्ता नसतो. प्रत्येक रुग्णात ती दिसेलच असं नाही. पण दिसली तर निदान जवळपास तिथेच होतं. ताप आलेल्या ट्रेकरने आरशासमोर उभं राहून, किंवा घरातल्या कुणाची मदत घेऊन, या जागा नीट पाहून घ्याव्यात. डॉक्टरांसमोर संकोच वाटतो म्हणून काख-जांघ न दाखवणाऱ्यांची संख्या कमी नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि आसामच्या जंगलात लढणाऱ्या सैनिकांना या आजाराने हैराण केलं होतं. त्यानंतर तो विस्मरणात गेल्यासारखा झाला, संपला मात्र नव्हता. हिमाचल, उत्तराखंडात तो नियमित आढळतो, आणि हिमालयातल्या ट्रेकसाठी महाराष्ट्रातून दरवर्षी किती तरी जण तिकडे जातात. २०१८ मध्ये नागपूरसह विदर्भात स्क्रब टायफसचा उद्रेक झाला, काहींचे जीवही गेले, आणि मराठी वर्तमानपत्रांत हे नाव पहिल्या पानावर आलं.

चावल्यानंतर साधारण दहा दिवसांनी ताप येतो. सोबत डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला, कधी पुरळ, गाठी. दुर्लक्ष झालं तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांच्यापर्यंत मजल जाते.

रिपोर्टमध्ये 'प्लेटलेट कमी' आल्यावर

खरी गुंतागुंत इथे आहे. लेप्टो आणि स्क्रब टायफस येतात तो काळ डेंग्यू-मलेरियाचाही असतो. सुरुवातीची लक्षणं बरीचशी सारखी. रक्त तपासलं तर प्लेटलेट या सगळ्यांतच कमी येऊ शकतात. मग 'डेंग्यूसारखंच काहीतरी' म्हणून पपईच्या पानांचा रस सुरू होतो, आणि औषध असलेल्या आजाराचे पहिले मोलाचे दिवस निघून जातात.

डेंग्यूवर अँटिबायोटिक चालत नाही; या दोन्हींवर चालतं. पण कुठलंही नाही. लेप्टोवर पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं काम करतात. स्क्रब टायफसवर ती निरुपयोगी ठरतात. तिथे डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन लागतं. घरात पडलेल्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या घेऊन 'अँटिबायोटिक चालू आहे' असं समाधान मानणाऱ्याला हा फरक महागात पडू शकतो. त्यात ताप-अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेतल्या, तर लेप्टोत मूत्रपिंडावर आणि डेंग्यूत रक्तस्रावावर त्याचा परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत पॅरासिटामॉल बरं.

तपासणीचंही एक गणित आहे. लेप्टो आणि स्क्रब टायफससाठी सहसा रक्तातली प्रतिपिंडं शोधली जातात, आणि ती तयार व्हायला शरीराला काही दिवस लागतात. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही, असं होत नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता, रुग्ण कुठे गेला होता आणि त्याने काय केलं होतं यावरून उपचार सुरू करतात. पण त्यांना ते कुणी सांगितलं तर!

सांगायचं तरी काय? 'बाहेर गेलो होतो' एवढं पुरत नाही. कोणत्या तारखेला, कुठे. ओढ्यातून चाललात का, पाणी किती होतं, पायाला जखम होती का. धबधब्यात भिजलात का, तोंडात पाणी गेलं का. गवतात किंवा गुहेत झोपलात का, उंदीर किंवा त्यांच्या लेंड्या दिसल्या का. सोबतच्या कुणाला ताप आहे का. शेवटचा प्रश्न ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला एक मिनिट लागतं. चौघांना एकाच आठवड्यात ताप असेल, तर डॉक्टरांसाठी ती मोठी खूण ठरते.

धाप लागणं, डोळे-लघवी पिवळी होणं, लघवी कमी होणं, रक्तस्राव, गुंगी यातलं काहीही दिसलं, तर फॅमिली डॉक्टरच्या वेळेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं.

गुहेतला उंदीर येतो कुठून?

गडावरच्या देवळात किंवा लेण्यात रात्र काढलेल्या कुणालाही विचारा, सॅक कुरतडल्याची, बिस्किटांचा पुडा पळवल्याची एक तरी गोष्ट निघते. या उंदरांची संख्या तिथे आपोआप वाढलेली नाही. उरलेली खिचडी, मॅगीची पाकिटं, भाकरीचे तुकडे गुहेच्या तोंडाशीच फेकले जातात. दर शनिवार-रविवारी नेमाने येणारं हे जेवण उंदरांना ठाऊक झालेलं असतं. योसेमिटीत भिंतींची ऊब होती, इथे आयतं अन्न आहे. उरलेलं सगळं पिशवीत बंद करून खाली आणणं हा स्वच्छतेइतकाच पुढच्या आठवड्यात तिथे झोपणाऱ्याच्या तब्येतीचाही प्रश्न आहे.

मुक्कामाला पोहोचल्यावर आधी टॉर्च मारून जागा बघावी. लेंड्या, कुरतडलेलं गवत, बिळं दिसली तर दुसरा कोपरा शोधावा. कोरडी धूळ फटाफट झाडू नये. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसावी. खूप दिवस बंद असलेलं फार्महाउस किंवा खोली असेल तर आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी. लेंड्यांवर ब्लीचचं पाणी, एका भागाला नऊ भाग पाणी या हिशेबाने, टाकून पाच मिनिटं थांबावं आणि मग हातमोजे घालून पुसावं. थेट जमिनीवर झोपण्यापेक्षा चेन बंद होणारा तंबू चांगला. अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात, तेही डोक्याशी घेऊन झोपायचं नाही. रात्री उघडं ठेवलेलं भांडं सकाळी धुतल्याशिवाय वापरू नये. टाक्यातलं पाणी उकळून प्यावं. उकळीने लेप्टोचे जिवाणू मरतात.

चिगरसाठी उपाय अगदी साधे: फुल पँट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, गवतात थेट न बसता खाली शीट अंथरणं, आणि डीट असलेलं कीटकरोधक मलम. मुक्कामावर किंवा घरी पोहोचल्याबरोबर साबणाने घासून अंघोळ, आणि कपडे बाजूला न टाकता गरम पाण्यात. सॅकमधले कपडे तीन दिवस तसेच ठेवण्याची सवय इथे मोडायला हवी.

लेप्टोसाठी ट्रेकच्या आधीच पायावरच्या जखमा जलरोधक पट्टीने झाकाव्यात. अनवाणी पाण्यात उतरू नये. नाइलाजाने जखमी पायांनी बराच वेळ पाण्यातून जावं लागलं असेल, तर परतल्यावर लगेच डॉक्टरांना विचारावं. शहरात तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं, असं मुंबई महापालिका पावसाळ्यात सांगत असते. ते औषध म्हणजे प्रामुख्याने डॉक्सिसायक्लिन. गरोदर स्त्रिया, लहान मुलं यांच्यासाठी विचार वेगळा करावा लागतो, त्यामुळे ट्रेक लीडरने सगळ्यांना एकेक गोळी वाटून टाकणं योग्य नाही.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक

सिंधुदुर्गातलं दोडामार्ग, गोव्यातली सत्तरी आणि कर्नाटकातला शिमोगा या पट्ट्यात 'माकडताप' आहे. १९५७ मध्ये क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा सापडला, गोव्यात २०१५ आणि सिंधुदुर्गात २०१६ मध्ये त्याचे उद्रेक झाले. नाव माकडाचं असलं तरी तो पसरवतात गोचिडी, आणि रानातले उंदीर, चिचुंद्र्या हे त्या गोचिडींचे यजमान. मोसम मात्र उलटा, डिसेंबर ते मे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावं.

प्लेगचं नाव निघालं की मराठी माणसाला १८९७ चं पुणं आठवतं, किंवा १९९४ चं बीड आणि सुरत. २०१५ मध्ये योसेमिटीतच तळ ठोकून आलेल्या एका मुलाला प्लेग झाला होता. तिथल्या रानातल्या खारी आणि इतर कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये तो अजून आहे. तो मुलगा उपचारांनी बरा झाला. महाराष्ट्रातल्या ट्रेकरच्या यादीत प्लेग सध्या फार खाली आहे. एक नियम मात्र सगळीकडे सारखा: मेलेल्या उंदराला किंवा खारीला हात लावायचा नाही आणि खारीला हातावर शेंगदाणे घेऊन भरवायचं नाही, रील कितीही छान होत असली तरी.

आणि झोपेत उंदीर चावलाच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी, हळद-चुना लावू नये आणि खाली उतरल्यावर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताचं इंजेक्शन बहुधा लागेल. रेबीजची लस उंदराच्या चाव्यानंतर क्वचितच लागते, तरी तो निर्णय डॉक्टरांचा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर त्या चाव्याचा उल्लेख पुन्हा करावा.